पाच गावांचा एकच पाऊस

तीर्थरूप कडूबा मामांना,
तुमच्या धाकट्या भाचीचा, म्हणजे राजनंदिनीचा, मोबाईल खाली ठेवून दोन्ही हातांनी नमस्कार.

मामा, पाच माणसं पाच वेगळ्या गावांत उभी राहून अगदी एकच गोष्ट सांगत असतील, तर त्यांच्यावरचा विश्वास वाढवायचा असतो की संशय? मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही धावड्याच्या बसथांब्यावर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावलात (त्यात तुमचा फोटो माझ्या फोटोच्या दुप्पट होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही), तरी या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. फ्लेक्सवर 'ज्ञानाचा महासागर' असं छापलं होतं, म्हणून हे आधीच कबूल करून टाकते.

तुमची तब्येत कशी आहे? मामीला विचारलं तर ती म्हणते तुमचा गुडघा रोज दुखतो. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणता, "एकदम फर्स्ट क्लास." दोघांचं जुळत नाही हे ऐकून मला फार बरं वाटतं. का, ते पुढे कळेल. म्हैस, मामी आणि गुडघा, तिघांनाही माझा नमस्कार सांगा. मी फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, आणि माझा "हॅलो मामा" मला तुमच्याकडे गप्पांना आलेल्या भागवतरावांच्या खोकल्यासकट परत ऐकू येतो. म्हणून हे पत्र. नवीन जालन्याच्या स्टॅंडवर धावड्याकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हातात देते आहे. पाकिटाला पिना जास्त मारल्या आहेत. कंडक्टर भागवतरावांचे साडू लागतात असं कळलं.

घनसावंगीच्या स्थळाला रविवारपर्यंत होय की नाही कळवायचं आहे, हे माझ्या लक्षात आहे. आई-बाबांनी सगळं तुमच्यावर सोपवलंय. तुम्ही निरोप पाठवलात की सोमेश्वर नावाचा मुलगा आहे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं स्वतःचं दुकान आहे, पाच जणांनी पाच ठिकाणांहून चौकशी केली आणि पाचही जणांचं एकच उत्तर आलं: निर्व्यसनी, मनमिळाऊ, वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. तेव्हा डोळे झाकून हो म्हण. मामा, 'डोळे झाकून' इथंच माझं अडलं. ते पाच जण म्हणजे तुम्ही, भागवतराव, धम्मपाल सर आणि उरलेले दोघे. आणि हेच पाच जण माझ्या हवामान ऑफिसचे पाच निरीक्षक आहेत. आता ऑफिसचं थोडं सांगावं लागेल. तुम्ही दोन वर्षं काम करताय, पण मी समजावून सांगायला लागले की तुम्ही "बराबर, बराबर" म्हणून चहा मागवता.

पुढच्या काही तासांचा पाऊस सांगणारा संगणक आभाळाकडे बघत नाही, मामा. तो गणित करतो. आत्ता हवा कुठे कशी आहे तिथून निघतो आणि ती पुढे कुठे जाईल ते काढतो. पण आत्ता हवा कशी आहे हेच त्याला नीट ठाऊक नसतं. म्हणून तो आधी स्वतःचाच मागचा अंदाज हाताशी घेऊन बसतो, मग ठिकठिकाणच्या माणसांना आणि यंत्रांना विचारतो, आणि कोणावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवून दोन्हींचा मेळ घालतो. (मुळात फार संशयी आहे. म्हणूनच मला आवडतो.) एखाद्याचं सांगणं फारच वेगळं पडलं तर त्याला बाजूला ठेवतो. आणि शेजारच्या पाच गावांचं सांगणं जुळलं तर त्यांचं वजन वाढवतो, कारण पाच जणांनी आपापल्या अंगणात, आपापल्या डोळ्यांनी पाहिलं आहे, असं तो धरून चालतो. ही सुरुवात चुकली की पुढचं गणित कितीही हुशारीनं केलं तरी भलत्याच गावाला जाऊन पोचतं. आमच्या ऑफिसचं काम एवढंच, ती सुरुवात सुधारायची. लोक म्हणतात अंदाज सुधारा. मी म्हणते, आधी आज सुधारा, उद्याचं आपोआप बघता येईल. (हे वाक्य मी ऑफिसच्या फळ्यावर लिहिलं होतं. कोणीतरी खाली लिहिलं, "आधी पंखा सुधारा." हस्ताक्षर साहेबांचं वाटलं.)

अजिंठ्याच्या डोंगराकडून उतरणारे ढग आधी तुमच्याच भागावर येतात, म्हणून धावडा आणि आजूबाजूच्या चार गावांत पावसाचं नळकांडं आणि तापमापकाची पांढरी पेटी बसवायला मी साहेबांशी भांडले होते. माझ्या माणसांचा पाऊस संगणकाच्या नकाशावर असला पाहिजे, असं मी मीटिंगमध्ये म्हटलं तेव्हा माझा आवाज इतका चढला की साहेबांनी मला पाणी दिलं होतं. माणसं तुम्हीच मिळवून दिलीत. आणि काय काम केलंत! सबंध पावसाळ्यात एका दिवसाचाही खाडा नाही. लग्न असो, पोळा असो, लाइट नसो, पाच गावांतून पाच आकडे हजर. आणि पाचही एकमेकांच्या इतके जवळ, की जसे सख्खे भाऊ. नाही, सख्ख्या भावांचं इतकं कुठं जमतं, सख्खे मित्र म्हणू. वरच्या ऑफिसनं कौतुक केलं की राज्यात सगळ्यात सुसंगत निरीक्षणं आमच्याकडची. मला शाल आणि नारळ मिळाला. शालीचा फोटो तुम्ही स्टेटसला ठेवलात, त्यातही तुमचा फोटो शेजारी जोडला होता.

मग मामीचं सोयाबीन भिजलं. त्या दिवशी आमच्या अंदाजात तुमच्या भागात संध्याकाळपर्यंत कोरडं होतं. संगणकाला खात्री होती, कारण पाचही गावांतून सकाळी सारखीच कोरडी, शहाण्यासारखी हवा कळवलेली होती. मामीनं अंदाज ऐकून खळ्यावरची ताडपत्री काढली. दुपारी असा कोसळला की मामी फोनवर रडत म्हणाली, "अंगण व्हावून गेलं गं, शेंगा नाल्याला लागल्या." तुम्ही मागून पुण्याच्या शास्त्रज्ञांना शिव्या देत होतात, त्या मी लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा आकडा आला, तो झिमझिम पावसाचा. भागवतरावांचा तसाच. सरांचा तसाच. मामीचं अंगण वाहून गेलं आणि मामांच्या नळकांड्यात चमचाभर पाणी! मला पहिल्यांदा वाटलं नळकांडं गळतंय. मग वाटलं शेळी पिऊन जाते. मग वाटलं कोणीतरी मुद्दाम ओतून देतंय, पीकविम्याच्या भानगडीसाठी. संशय किती ठिकाणी जाऊन बसतो बघा. तो तुमच्यावर मात्र शेवटपर्यंत बसला नाही, कारण तुम्ही मामा.

म्हणून मी न सांगता आले. तुम्हाला ठाऊक नाही, पण गेल्या महिन्यात एका सकाळी पहिल्या बसनं येऊन मी तुमच्या गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीआड उभी होते. (कडब्याची कुसळं अजून ओढणीत आहेत.) तुम्ही तोंडात लिंबाची काडी घेऊन, नळकांड्याकडे पाठ करून उभे होतात. मोबाईल स्पीकरवर होता आणि तो खाली पडू नये म्हणून नळकांड्याच्या तोंडावर आडवा ठेवला होता. पाऊस मोजायच्या भांड्याचं तोंड मोबाईलनं बंद!

तुम्ही म्हणालात, "भागवतराव, तुमचं किती?"

"पह्यले तुमी सांगा, मंग मी सांगतो."

"मी काय सांगू? मी तर अजून बघितलंच न्हाई."

धम्मपाल सरांचा आवाज आला, "काल किती टाकल्तं?"

"आठ."

"मंग आज नऊ टाका. रोज आठ टाकलं तं पोरीला डाऊट येईल."

उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी बिचारं म्हणालं की आमच्याकडं तर घमेलं भरून पडला. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी जन्मात विसरणार नाही. "घमेलं-बिमेलं काढू नका हो. तुमचं चाळीस आन यांचं पाच निघालं तं लोकं म्हन्तील दोघांतला एक खोटाडा हाये. कशाला कोनाचं मन दुखवायचं? आपुन अख्खी ग्रामपंचायत बिनविरोध करून राह्यलो, पाऊस काय त्याच्याहून अवघड हाये का?"

आणि पाऊस बिनविरोध झाला. नऊ मिलिमीटर.

मी गंजीआडून बाहेर येऊन तुमच्या पाया पडून भांडणार होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "बरं, आता राजनंदिनीच्या स्थळाचं. पोराचं काय काय कळलं, जल्दी सांगा."

भागवतराव म्हणाले, "तुमीच काय म्हन्ले व्हते?"

"मला त्या लग्नात मध्यस्थानं सांगितल्तं. निर्व्यसनी, मनमिळाऊ, बापाच्या शब्दाबाहेर न्हाई."

"मंग माझं बी तेच धरा."

"माझं बी," सर म्हणाले. उरलेल्या दोघांचंही तेच धरलं गेलं. तुम्ही काडी थुंकून समाधानानं म्हणालात, "झालं मंग. पाच जागची चौकशी झाली."

मामा, संगणकानं स्वतःचाच मागचा अंदाज उचलून, त्यालाच निरीक्षण म्हणून परत स्वतःला सांगितलं, तर आमच्या ऑफिसात त्याहून मोठं पाप नाही. एकाच मध्यस्थाचं एकच वाक्य तुमच्या तोंडून चार घरी गेलं आणि चार घरांतून चौकशी होऊन तुमच्याकडे परत आलं. आणि त्या वाक्यावर माझं पुढचं आयुष्य निघणार होतं! मी तशीच मागच्या मागे बसकडे गेले. मामीनं मला पाहिलं होतं. तिनं काही न विचारता पदराखालून दोन दशम्या दिल्या आणि तुम्हाला आजवर सांगितलं नाही. म्हणजे त्या घरात निदान एक स्वतंत्र निरीक्षक आहे.

साहेबांना मी सगळं सांगितलं. तुमचं नावही सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, ज्यांचं जुळत नाही असे जिल्हे पडलेत संशय घ्यायला. आपलं जुळतंय, जुळू द्या ना." मी म्हटलं, पाच नाहीत सर, एकच माणूस आहे, त्याला पाच नळकांडी दिली आहेत. शेवटी वरपर्यंत कळवलं. आता संगणकात तुम्हा पाच जणांना मिळून एका माणसाइतकं वजन आहे. शाल परत न्यायला गेले तर ती कोणी घेईना, कारण शाल परत घ्यायची पद्धत ऑफिसात नाही. तेव्हापासून माझं मात्र फार वाईट झालंय. स्टेशनवरचे तीन रिक्षावाले एकच भाडं सांगतात तेव्हा मी त्यांना वेगवेगळं बाजूला घेऊन विचारते. खानावळीत सगळ्या म्हणतात आज वरण छान झालंय, तर मी आधी विचारते, पहिल्यांदा कोण म्हणालं?

अशा अवस्थेत मी घनसावंगीला गेले. रागावू नका. मुलगी एकटी मुलगा बघायला गेली असं घरी कळलं तर काय होईल हे मला माहीत आहे, म्हणून मी मुलगा बघायला गेलेच नाही, मोटार दुरुस्तीला घेऊन गेले. माझ्या घरमालकीण गोजरबाई यांची पाण्याची लहान मोटार सिमेंटच्या पोत्यात घातली आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले. मोटार तशी चालू होती. आदल्या दिवशी मीच पकडीनं तिची आतली वायर कापली होती. (गोजरबाईंचा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंवर संशय आहे. तो मी अजून दूर केलेला नाही. करीन.) जीपमध्ये माझ्यासमोर उसाची मोळी होती आणि तिची पानं अंबडपासून माझ्या कानात होती, तरी मी मनात प्रश्नावली तयार करत होते.

दुकानात सोमेश्वर खाली बसून तार गुंडाळत होते. उंची मला वाटली होती तेवढी नाही. मोटार उघडून त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मॅडम, ही जळाली न्हाई. कोणीतरी पकडीनं वायर कापली. घरात दुश्मन हाये का कोणी?"

मी म्हटलं, "असेल. तुम्हाला काही व्यसन आहे का?"

असं एकदम विचारायचं नव्हतं. प्रश्नावलीत तो प्रश्न शेवटी होता. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "तुमी राजनंदिनी ना? फोटो आल्ता घरी. च्या घेता का?" मग म्हणाले, "व्यसन च्याचं. आन गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हन्तो, ती मोटार उद्या कधीच व्हत न्हाई. बापाच्या शब्दाबाहेर म्हन्ताल तं दुकानच बापाच्या शब्दाबाहेर काढलेलं हाये. त्यायला कापडाचं दुकान पाह्यजे व्हतं." मामा, एका कपात तुमच्या पाच जणांच्या चौकशीतला बराच भाग बुडाला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांनी चहा खाली ठेवून विचारलं, "मॅडम, राग नका मानू. तुमाला काही व्यसन हाये का?" मी उठून उभी राहिले. ते घाईनं म्हणाले, "न्हाई, तसं न्हाई. तुमच्याबद्दल बी आमच्याकडं पाच जागून चौकशी आली. मुलगी निर्व्यसनी, मनमिळाऊ, वडिलांच्या शब्दाबाहेर न्हाई. पाची जनांचं एकच. मला त्या पह्यल्या शब्दावर डाऊट आला. पोरीबद्दल निर्व्यसनी असं कोणी आपून व्हून सांगत न्हाई. काहीतरी भानगड असंल, येवढ्या जोरानं सांगून राह्यले म्हंजे." मध्यस्थाकडे एकच वाक्य असावं, मामा, दोन्ही बाजूंना तेच पाठवतो. मी इतकी हसले की शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला, आणि तो काय बघून गेला असेल आणि ते किती ठिकाणी गेलं असेल याची मला अजून काळजी आहे.

हसून झालं तरी संशय गेला नाही. हसवणारा माणूस खरा असतो असं कुठं आहे? एका चहाच्या भेटीवर अंदाज बांधायचा नाही, एवढं तर मी शिकले आहे. मग मी दुसरं काम केलं. गोदावरीकडच्या भागासाठी आम्हाला निरीक्षक मिळत नव्हता. साहेबांच्या परवानगीनं मी एक नळकांडं सोमेश्वर यांच्या दुकानाच्या गच्चीवर बसवून आले. फक्त एक सांगितलं: कोणाला विचारायचं नाही, स्वतः बघायचं, दिसेल ते पाठवायचं. ते म्हणाले, "नापास झालो तं स्थळ मोडतं का?" मी म्हटलं, "नियम समजून घ्या." हे बोलताना मी साहेबांसारखी दिसले असेन.

पहिले काही दिवस रोज आकडा आला. पाऊस, कोरडं, थोडा पाऊस. मला काय वाटलं असेल सांगा? वाटलं, हेही कोणाला तरी विचारून टाकताहेत. खाडा कसा नाही? इतकं नियमित कोणी असतं का? रात्रभर परतीचा पाऊस झाला त्याच्या सकाळी तर माझा जीव अगदी टांगणीला लागला. आणि नेमका त्याच दिवशी संदेश आला: "आज बघायचं राह्यलं. ऊसवाल्याची मोटार घेऊन सकाळीच रानात गेल्तो. मंग आलो तं पोरांनी नळकांडं पालथं केल्तं. शेजारी विचारून टाकला असता, पण तुमी नको म्हन्ले व्हते. आकडा न्हाई."

मामा, अख्ख्या पावसाळ्यात पाच गावांतून, पाच जणांकडून, एकदाही मला हे ऐकायला मिळालं नाही. आकडा नाही. मी तो संदेश साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, "अहो, हे तर वाया गेलेलं निरीक्षण." मी म्हटलं, सर, हंगामातलं पहिलं खरं हेच आहे. साहेबांनी मला परत पाणी दिलं.

तर मामा, मनात काही ठेवू नका. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते कोणी केलं नसतं, आणि जसं केलंत तसंही कोणी केलं नसतं. मामीला आणि म्हशीला माया. तुमची माया आहे तेवढीच राहू द्या, आणि पुढच्या वेळी 'फर्स्ट क्लास' म्हणण्याआधी मामीच्या गुडघा-अहवालाशी ताडून बघा.

तुमची,
राजनंदिनी

ता. क. उद्यापासून मोबाईल नळकांड्यावर ठेवू नका. पेटीवर ठेवला तरी चालणार नाही. बघायचं राहिलं तर "राहिलं" असं कळवा, मी शाल तुम्हाला पाठवीन.

ता. क. दुसरं. हे पत्र त्या चौघांना वाचून दाखवू नका. दाखवलंत तर निदान पहिल्यांदा तुम्ही एकटे पूर्ण वाचा आणि तुमचं मत आधी ठरवा.

ता. क. तिसरं. एक विनंती आहे, तीच खरं तर सांगायची होती. आई तुम्हाला फोन करील, आणि तिचा स्वभाव बघता भागवतरावांना, सरांना आणि उरलेल्या दोघांनाही वेगवेगळा करील. तेव्हा मामा, फक्त या एका वेळी पाचही जणांनी एकच सांगावं: नीट चौकशी झाली, मुलगा चांगला आहे. एकाही शब्दाचा फरक नको. सकाळी स्पीकरवर ठरवून घेतलंत तरी चालेल. 'निर्व्यसनी' मात्र मुलाबद्दलच म्हणा.

ता. क. शेवटचं. कारण रविवारची वाट न बघता काल मी घनसावंगीला जाऊन त्यांच्या आईंना होकार देऊन आले.